हिंव आणि हवा

डिसेंबर सरता सरता दरवर्षी वर्तमानपत्रांत एक छायाचित्र येते. गुलमर्ग असेल, सिमला असेल. पांढरी छपरे, पांढरे देवदार आणि बर्फाचे गोळे एकमेकांवर फेकणारी प्रवासी मंडळी. हे छायाचित्र आले की चार-दोन दिवसांत उत्तरेचा कोरडा वारा आमच्या कर्जत-खालापूरकडे पोचतो, नेरळच्या फलाटावर कानटोप्या दिसू लागतात आणि वाडी-वस्तीवर पहाटेच्या शेकोट्या पेटतात. बर्फाशी या मुलखाचा प्रत्यक्ष संबंध एवढाच. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दंव गोठले तरी अवघ्या महाराष्ट्रात बातमी होते. आमच्याकडे तेवढेही भाग्य नाही. वळवाच्या पावसात कधी गारा पडल्या तर पोरे त्या ताटलीत वेचतात आणि घरात आणेपर्यंत त्यांचे पाणी होते.

मग ज्या मुलखावर बर्फ पडत नाही, त्याला थंडीचा इतिहास असतो काय? आम्हास वाटते, असतो. आणि तो बर्फाळ मुलखाच्या इतिहासाहून गुंतागुंतीचा असतो. जिथे बर्फ पडते तिथे ते सगळ्यांच्याच अंगणात पडते. निदान त्याची दखल सगळ्यांना घ्यावी लागते, घर बांधताना, कपडा शिवताना, लाकूड साठवताना. आमच्या मुलखात थंडी इतकी थोडी की तिची सार्वजनिक दखल कोणी घेतली नाही. ती कोणाच्या वाट्याला सुख म्हणून आली आणि कोणाच्या वाट्याला दुखणे म्हणून, याची नोंद शोधायची तर आधी भाषेकडे जावे लागते.

संस्कृतातले ‘हिम’ मराठीत येता येता ‘हिंव’ झाले. हिमालयाच्या नावात जे पांढरे शुभ्र होते, ते सह्याद्रीच्या पायथ्याशी येईपर्यंत अदृश्य झाले आणि फक्त कापरे उरले. हिंवाचा काळ तो हिवाळा. अंगात हिंव भरते तो हिवताप. आमच्या पूर्वजांनी बर्फ पाहिले नव्हते, पण बर्फाचा शब्द त्यांनी टाकून दिला नाही. तो तापाला दिला. प्रत्यक्ष बर्फासाठी मात्र आम्ही फारसी शब्द घेतला, ‘बर्फ’. शाल फारसी, रजई फारसी, सर्दी फारसी. ‘हवा’ अरबी. आणि ‘हवामान’ या रोजच्या शब्दात अरबी ‘हवे’ला संस्कृत ‘मान’ असे जोडले गेले आहे की दोघांचे नाते कोणाच्या ध्यानातही येत नाही. मराठी शुद्ध करू निघालेल्या मंडळींनी निदान थंडीच्या दिवसांत तरी हा उद्योग करू नये; अंगावर पांघरायला फार थोडे उरेल.

तर ‘हिंव’ आणि ‘हवा’ हे दोन शब्द. एक सोसायचा, एक खायचा. हिंव भरते, हवा खातात. कर्जत-खालापूरच्या थंडीचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास या दोन क्रियापदांत सामावलेला आहे.

आधी हिंवाचे पाहू. पाऊस ओसरला, भात कापणीला आले, डबकी साचून राहिली की या पट्ट्यात हिवतापाची साथ ठरलेली. घाटाच्या पायथ्याचा, रानाचा, ओढ्यांचा हा मुलूख. भर दुपारी उन्हात बसलेला माणूस दातावर दात वाजवीत घोंगडी मागायचा, घटकाभराने तीच घोंगडी फेकून द्यायचा. लोक म्हणत, हवा लागली. इंग्रज तरी वेगळे काय म्हणत होते? ‘मलेरिया’चा मूळ अर्थच वाईट हवा. डासाच्या पोटात या तापाचा जंतू रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत सापडला तो १८९७ मध्ये. तोपर्यंत राजा आणि रयत दोघांचेही अज्ञान सारखेच होते. पुढे टपाल कचेऱ्यांतून क्विनीनच्या पुड्या विकल्या जाऊ लागल्या आणि १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू होऊन डीडीटीची फवारणी घरोघर पोचली. तोवर या मुलखातील गरिबाला खरी हुडहुडी भरली ती ऋतूमुळे नव्हे, तापामुळे. थंडी ही त्याच्या लेखी बाहेरून येणारी गोष्ट नव्हती. ती त्याच्या हाडांतून निघत असे.

वरच्या वर्गाच्या इतिहासात हिवाळा निराळाच आहे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा निघत. पाऊस थांबलेला, नद्या उतरलेल्या, वैरण मुबलक. हिवाळा म्हणजे मुलूखगिरी. याच हिवाळ्यात, १६६१ च्या फेब्रुवारीच्या आरंभी, खालापूर तालुक्यातल्या उंबरखिंडीत शाइस्ताखानाचा सरदार कारतलबखान शिवाजी महाराजांच्या वेढ्यात सापडला. खान उझबेक, म्हणजे ज्यांच्या मुलखात हिवाळ्यात नद्या गोठतात अशा लोकांच्या वंशातला. परमानंदाच्या ‘शिवभारता’त या प्रसंगाचे वर्णन आहे. थंडीने नव्हे, तर वारा नाही, पाणी नाही अशा कोंदट रानात फौज तहानेने व्याकूळ झाली आणि खानाला शरण यावे लागले. बर्फाच्या लेकरांचा कोकणच्या हिवाळ्याने केलेला हा पराभव! बरोबर शंभर वर्षांनी, १४ जानेवारी १७६१ रोजी, हिशेब उलटला. पानिपतावर दख्खनची फौज उपाशी होतीच. पण उत्तरेच्या त्या थंडीला पुरेल असा कपडाही तिच्यापाशी नव्हता. इब्राहिमखान गारद्याचे तोफखानी गोलंदाज आणि कोकण-देशावरचे शिलेदार एकाच धुक्यात काकडत उभे होते. थंडीला जात आणि मजहब विचारता येत नाही हे पानिपतच्या बखरी वाचताना फारसे कोणाला सुचत नाही.

बर्फाचे सुख मात्र नेहमी दरबारी राहिले. हिंदुस्थानात बर्फ मिळत नाही, थंड पाणी मिळत नाही, अशी तक्रार बाबराने आपल्या आत्मचरित्रात करून ठेवली आहे. त्याच्या नातवाच्या काळी सोऱ्याने पाणी गार करण्याची रीत दरबारात रुळली आणि पंजाबात मुक्काम असताना पहाडातून होड्यांनी, गाड्यांनी, माणसांच्या डोईवरून बर्फ येऊ लागले. ‘आईने अकबरी’त त्याची रीतसर नोंद आहे. डोईवरून आणणाऱ्यांची नावे अर्थातच नाहीत. १८३० च्या दशकात अमेरिकेतल्या बॉस्टनचे गोठलेल्या तळ्यांतून कापलेले बर्फ भुशात गुंडाळून जहाजाने मुंबईत आले. शेठ जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम वाढले, यजमान आणि पाहुणे दोघांनाही सर्दी झाली आणि त्यावर वर्तमानपत्राने टोमणा मारला, असे सांगतात. म्हणजे पुण्या-मुंबईकडे बर्फाची पहिली भेट खाण्याची वस्तू म्हणून झाली. ती ओढ एकदा लागली, आणि जहाजाचे बर्फ तर वितळणारे. तेव्हा जवळपास कुठे थंडी मिळते काय, याचा शोध सुरू होणे ओघानेच आले.

तो शोध खालापूरच्या चौक गावी लागला. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट चौकला मुक्कामास होता. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात. समोरचा डोंगर त्याला खुणावू लागला आणि ज्याला आज वन ट्री हिल म्हणतात त्या अंगाने तो वर चढला. वर गर्द सावली होती, तांबडी माती होती आणि मुख्य म्हणजे खालच्या उकाड्यातून सुटका होती. इंग्रजी पुस्तके म्हणतात, त्याने माथेरान ‘शोधले’. डोंगरावर ठाकर, धनगर, कातकरी यांचा वावर पिढ्यान्पिढ्यांचा. त्यांना माथेरान सापडलेलेच होते. ते विकता येते हे तेवढे सापडायचे राहिले होते. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनने लक्ष घातले, बंगले उठले आणि मुंबईकर हवा खायला येऊ लागले.

सुमारे आठशे मीटर उंचीचा हा डोंगर. उंचीबरोबर हवा थंड होते, त्या हिशेबाने नेरळपेक्षा वर पाच-सहा अंशांचा फरक पडतो. एवढ्या पाच-सहा अंशांसाठी काय काय करावे लागे! आगगाडीने नेरळला उतरायचे, तिथून घोडा नाहीतर पालखी. सामान हमालांच्या डोक्यावर. लोखंडी पलंग, काचसामान, पियानोसुद्धा माणसांनीच वर नेले असतील, कारण दुसरा मार्ग नव्हता. गंमत अशी की साहेबांचा हंगाम पावसाआधीचा उन्हाळा आणि पावसानंतरचा ऑक्टोबर-नोव्हेंबर. ऐन हिवाळ्याशी त्यांना फारसे कर्तव्य नव्हते. त्यांना थंडी नको होती, उन्हाळ्याची रजा हवी होती.

इथे आमच्या समाजातल्या एका माणसाची गाठ पडते. सर अदमजी पीरभॉय मूळचे काठेवाडातले, दाऊदी बोहरा. गरिबीत मुंबईस आले, रस्त्यावर आगपेट्या विकल्या असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. लष्कराला तंबू, किरमिजाचा माल, बूट पुरवून त्यांनी अफाट संपत्ती मिळवली. १८९७ मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले, १९०७ मध्ये त्यांना ‘सर’की मिळाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कराचीला भरलेल्या मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचे अध्यक्षही तेच. आगपेटी, तंबू आणि बूट: तिन्ही वस्तू ऊब विकणाऱ्या. अशा माणसाच्या घराण्याने पुढे मुंबईला थंडावा पोचवण्याचे काम हाती घ्यावे, हा योग आम्हाला मोठा मौजेचा वाटतो.

कथा अशी सांगतात की अदमजी एकदा नेरळला उतरले तर वर जायला घोडा मिळेना, पालखी मिळेना. ते परत फिरले आणि म्हणाले, आता येईन तो गाडीनेच. कथा खरी असो वा रचलेली, गाडी मात्र खरी. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी आराखडे केले. दोन फुटी रूळमार्गांचा जाणकार एव्हरार्ड कॅलथ्रॉप सल्लागार होता. १९०४ मध्ये काम सुरू झाले आणि २२ मार्च १९०७ रोजी गाडी धावली. सुमारे सोळा लाख रुपये खर्च आला आणि तो पीरभॉय घराण्याने केला. एकवीस किलोमीटरच्या आसपास लांबी, वीस फुटांत एक फूट असा चढ, वाटेत जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज. चालणाऱ्या माणसाने रमतगमत बरोबर यावे इतका गाडीचा वेग.

या रेल्वेविषयी पर्यटनाच्या पुस्तिकांत वळणांची संख्या असते, बोगद्याचे गमतीदार नाव असते. बांधणाऱ्याचे नाव असलेच तर एका ओळीत. ज्या महाराष्ट्रात मुसलमानांनी केले काय, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो, तिथे नेरळच्या फलाटावर उभे राहून उत्तर देता येते. पण आम्ही इथेच थांबलो तर आमचीही गत त्या पुस्तिकांसारखीच होईल. कातळ फोडणारे, माती वाहणारे, डोंगराच्या कडेवर रूळ बसवणारे हात पीरभॉयांचे नव्हते. त्या हातांची नावे आमच्या अभिमानाच्या यादीतही नाहीत. त्यांतले काही हात मुसलमानांचे असतील, बहुतेक नसतील. त्याने त्यांच्यावरचा अन्याय कमी-जास्त होत नाही. गाडीने एवढे मात्र केले की हवा खाणाऱ्यांचा वर्ग रुंदावला. पालखी ज्याला परवडत नव्हती तो तिकीट काढून वर जाऊ लागला. मुंबईच्या दाटीत खोकणारा कारकून, बाळंतपणाने खचलेली सून यांना डॉक्टर ‘हवापालट’ लिहून देऊ लागले. थंडी आता औषध झाली.

आणि हे औषध बनत होते त्याच काळात डोंगराखालचा कातकरी मुंबईसाठी ऊब बनवत होता. भात झोडून झाले, दिवाळी सरली की मुकादमाकडून उचल घ्यायची आणि कुटुंबकबिल्यासह कोळशाच्या भट्टीवर जायचे. रानातले लाकूड रचायचे, माती-पाल्याने लिंपायचे, आतून धुमसत ठेवायचे आणि रात्र रात्र जागून राखायचे, कारण भट्टी फुटली तर कोळशाची राख आणि उचल अंगावर. मुंबईच्या शेगड्या आणि इस्त्र्या या कोळशावर चालत. पुढे कोळशाची जागा वीटभट्ट्यांनी घेतली, उचल तशीच राहिली. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ चा आहे. उचलीचा हिशेब त्याहून जुना आणि जास्त टिकाऊ निघाला. म्हणजे हिवाळ्यात एकाच स्थानकात दोन प्रवाह भेटतात. एक थंडी विकत घ्यायला वर जातो, दुसरा पोराला पाठीशी बांधून भट्टीकडे निघतो. त्याच्या गाठोड्यात जुन्या लुगड्यांची एक गोधडी असते आणि ती चौघांत पुरवायची असते.

भट्टीवरच्या थंडीची एक सोय अशी की भट्टी स्वतःच गरम असते. पाठ तिच्याकडे करून झोपले की पाठ भाजते आणि छाती काकडते. मग कूस बदलायची. एका वृद्ध कातकरी बाईने आम्हाला हे सांगितले तेव्हा ती हसत होती. आम्ही हसू शकलो नाही.

थंडीला तिसरा एक चेहराही आहे आणि तो या मुलखाने अभिमानाने जपला आहे. माथेरानात १९१२ मध्ये जन्मलेले वकील विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल १९४२ च्या हिवाळ्यात ‘आझाद दस्त्या’सह रानात उतरले. विजेचे मनोरे पाडून त्यांनी मुंबईचे कारखाने अडवले. हवा खाणाऱ्यांच्या गावचा हा मुलगा ज्या थंडीत लपून राहिला, तिची हवा कोणी खात नाही. सिद्धगडाच्या जंगलात २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे पोलिसांनी गाठले आणि भाई कोतवाल व हिराजी पाटील गोळीस बळी पडले. हुतात्मा दिनाला तिथे जमणाऱ्यांना पहाटेचा तो गारठा आजही भेटतो. पुस्तकातून जे कळत नाही ते त्या गारठ्यात थोडे कळते.

आता या सगळ्यात आनंद म्हणून काहीच नाही काय? आहे की. भात निघालेल्या शेतात उरल्या ओलीवर वाल टाकतात. त्याला पाऊस लागत नाही, दंव पुरते. जितकी थंडी चांगली तितक्या शेंगा भरतात आणि आंब्याचा मोहोरही याच थंडीची वाट पाहतो. शेंगा भरल्या की पोपटी. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, अंडी, कोंबडी, पुन्हा पाला. मडके पालथे घालून भोवती पेंढा-लाकडाचा जाळ. आगरी असो, कुणबी असो, आमच्या मोहल्ल्यातली पोरे असोत, पोपटीभोवतीची माणसे ओळखू येत नाहीत, कारण सगळ्यांचीच तोंडे काळी झालेली असतात. आमच्याकडे कोंबडी हलाल केलेली हवी एवढाच काय तो फरक, आणि तो शेजाऱ्यांना आधीपासून ठाऊक असतो.

रमजानचा महिना चंद्राच्या हिशेबाने ऋतूंतून फिरतो. १९९८, ९९, २००० या साली तो थंडीत आला होता. रोजे लहान, पण सहरीची वेळ ऐन गारठ्याची. वजूसाठी मशिदीत पहाटे तीनलाच बंब पेटे आणि म्हातारी माणसे नमाजीच्या आधी त्या बंबाभोवती जमत. कोणाच्या अंगावर सुनेची शाल, कोणाच्या अंगावर चक्क पोते. आमच्या आठवणीत त्या तीन वर्षांतल्या रमजानला धुराचा वास आहे. २०३० मध्ये तो पुन्हा थंडीत येईल, आणि जानेवारीत आणि डिसेंबरात असा एकाच वर्षात दोनदा सुरू होईल. तेव्हा थंडी कितपत उरली असेल, ही शंका मोहल्ल्यातले लोक आताच काढतात.

डोंगरावरही बरेच बदलले. २६ जुलै २००५ च्या पावसाने पीरभॉयांचा मार्ग उखडला. २००७ मध्ये, शताब्दीच्या वर्षी, तो पुन्हा सुरू झाला. पुढेही तो अनेकदा बंद पडला आणि सुरू झाला. बर्फाळ मुलखात हिमकडा कोसळतो, आमच्याकडे दरड. खालापूरच्या इरशाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री ती कोसळली. सत्तावीस मृतदेह हाती आले, सत्तावन्न माणसे बेपत्ता म्हणून नोंदली गेली. तीही ठाकरांची वाडी, चौकहून दिसणाऱ्या डोंगराच्या कुशीत. मॅलेटने जिथून वर पाहिले तिथूनच दिसणारी.

माथेरानात मोटारीला बंदी असल्यामुळे माणसाला माणूस ओढून नेण्याची पद्धत तिथे एकविसाव्या शतकातही चालू राहिली. २००३ मध्ये हा डोंगर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला, झाडांना संरक्षण मिळाले; रिक्षा ओढणाऱ्याच्या छातीला मिळाले नाही. २०२२ च्या डिसेंबरात विजेच्या रिक्षांचा प्रयोग झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचे आणि ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करण्याचे आदेश दिले. एका रिक्षावाल्याला आम्ही विचारले, थंडीत त्रास होत नाही काय? तो म्हणाला, ओढताना थंडी वाजतच नाही साहेब, वाजते ती गिऱ्हाईक उतरल्यावर. घाम अंगावर गार होतो तेव्हा.

शेवटी निसर्गाची एक खोडी सांगतो. जानेवारीच्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री थंड हवा जड होऊन डोंगराच्या उतारावरून खाली सरकते आणि उल्हास-पाताळगंगेच्या खोऱ्यांत साचते. अशा रात्री कधी कधी पहाटेचा पारा माथेरानपेक्षा कर्जतलाच खाली गेलेला असतो. वर बंगल्यात मंडळी खिडकी उघडी टाकून थंडीची वाट पाहत असतात. ती खाली चौकच्या, कर्जतच्या वीटभट्ट्यांवर उतरलेली असते.